'काऊ' आणि 'गो': इंग्रजी शब्दांचं मूळ संस्कृतात आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा: शिक्षकांमध्ये एक यादी फिरते आहे. 'मदर' हा 'मातृ'वरून, 'नेम' हा 'नाम'वरून, 'डोअर' हा 'द्वार'वरून, 'काऊ' हा 'गो'वरून, 'हँड' हा 'हस्त'वरून, 'कट' हा 'काटणे'वरून, 'पाथ' हा 'पथ'वरून, 'नेव्हिगेशन' हा 'नवगति'वरून आला, आणि 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं. हे आठवीच्या मुलांना सांगावं का? शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ असतो का? आणि मराठीतून इंग्रजीत गेलेला एखादा शब्द आहे का?

या यादीतले पहिले चार शब्द खरोखर नात्यातले आहेत. पण ते नातं आई-मुलीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे. पुढच्यांपैकी काही निव्वळ योगायोग आहेत, काहींची वाट चुकीची सांगितली आहे. हे ठरवायचं कसं, ते मी सविस्तर सांगतो. भाषाविज्ञान शिकवताना आणि कोशाच्या कामात बसल्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत गेला आहे: दोन शब्द सारखे दिसतात म्हणून ते नात्यातले, असं कधीही म्हणता येत नाही. नातं सिद्ध होतं ते साम्यावरून नव्हे, फरकावरून. तो फरक मात्र नियमित असावा लागतो.

मराठीतच पाहा. सप्त–सात, कर्ण–कान, कर्म–काम, अद्य–आज, दुग्ध–दूध, अग्नि–आग. जोडाक्षर सुटं झालं आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, असं प्रत्येक ठिकाणी दिसतं. हे कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. पिढ्यान् पिढ्या बोलताना उच्चार एका दिशेने सरकत गेले आणि ज्या ज्या शब्दात ती जुळणी होती तिथे तिथे तोच बदल झाला. म्हणून 'आज' आणि 'अद्य' यांत एकही व्यंजन सारखं नसताना आपण छातीठोकपणे म्हणू शकतो की 'आज' हा 'अद्य'चाच वंशज आहे.

इंग्रजीच्या बाबतीत असाच नियम डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओळखला आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ साली व्यवस्थित मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या भाषा ज्या जुन्या जर्मानिक बोलीतून निघाल्या, त्या बोलीत फार पूर्वी काही व्यंजनं सरसकट बदलली. संस्कृतात जिथे प आहे तिथे इंग्रजीत फ येतो: पितृ–फादर, पाद–फुट, पंच–फाइव्ह, पूर्ण–फुल. जिथे त आहे तिथे थ: त्रि–थ्री, तनु–थिन, तृण–थॉर्न. जिथे द आहे तिथे ट: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. जिथे भ आहे तिथे ब: भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ. संस्कृत श पुष्कळदा जुन्या 'क'पासून आला आहे आणि तिथे इंग्रजीत ह मिळतो: शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न, श्वन्–हाउंड. लॅटिनमध्ये शंभराला 'केंटुम' म्हणत, त्यात तो जुना क शाबूत दिसतो.

ग आणि ज यांच्या जागी इंग्रजीत क येतो. म्हणून गो–काऊ. आणि म्हणूनच जानु–नी, ज्ञा–नो. गुडघा आणि जाणणे या अर्थांच्या या दोन शब्दांच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो 'के' येतो, जो आपण मुलांना 'सायलेंट आहे, पाठ करा' म्हणून सांगतो, तो साधारण सतराव्या शतकापर्यंत उच्चारला जात होता. 'जानु'मधला ज आणि तो 'के' हे एकाच मूळ व्यंजनाचे दोन वंशज आहेत. मला हा तपशील वर्गात सांगायला फार आवडतो, कारण त्यानंतर मुलं ते स्पेलिंग विसरत नाहीत.

म आणि न मात्र या उलथापालथीत जागेवरच राहिले. 'मातृ–मदर' आणि 'नाम–नेम' इतके सारखे दिसतात ते त्यामुळे. 'द्वार–डोअर' हेही नात्यातलेच, पण तिथे एक बारीक गंमत आहे. इंग्रजी ड च्या समोर संस्कृतात ध यायला हवा, जसा 'विधवा–विडो'मध्ये येतो. ग्रीकमध्ये दाराला 'थुरा' म्हणतात, त्यावरूनही मूळ ध असल्याचं दिसतं. म्हणजे इथे संस्कृतानेच आपला महाप्राण, म्हणजे ध मधला ह-कार, गमावला आहे. दाराला दोन फळ्या असतात म्हणून 'द्वि'च्या सहवासाने तसं झालं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता हाच नियम यादीतल्या 'हँड–हस्त'ला लावा. संस्कृत ह च्या समोर इंग्रजीत ग किंवा त्याचा य झालेला असतो. हंस–गूस. काल या अर्थाचा संस्कृत 'ह्यः' आणि 'येस्टरडे'मधला 'येस्टर'. त्यामुळे 'हस्त'चा इंग्रजी भाऊबंद असलाच तर तो ग ने सुरू झाला असता. 'हँड' हा ह ने सुरू होतो याच कारणाने तो नात्यातला नाही. लोकांना हे उलटं वाटतं, पण कोशकाराच्या टेबलावर जास्तीचं साम्य हाच पहिला संशय असतो.

'कट' आणि 'काटणे' यांची गोष्टही अशीच. 'काटणे' प्राकृतातल्या 'कट्ट'मार्गे संस्कृत 'कृत्' या कापण्याच्या धातूपर्यंत जातो. म्हणजे जसजसं मागे जावं तसतसा त्यात र डोकावू लागतो. इंग्रजी 'कट' मात्र तेराव्या शतकाच्या सुमाराला अचानक लेखनात दिसू लागतो, बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन बोलीतून, आणि त्यात र चा मागमूसही नाही. आज जुळे वाटणारे हे शब्द मागे नेले की दूर जातात. जे खरे नातेवाईक असतात ते मागे नेले की जवळ येतात. ही कसोटी फार उपयोगी आहे. 'कृत्'चा खरा इंग्रजी आप्त म्हणजे 'शिअर', मेंढीची लोकर कातरणे. मूळ धातूला सुरुवातीला कधी स लागे, कधी नाही. इंग्रजीत स लागलेलं रूप उरलं आणि स-क चा पुढे श झाला. संस्कृत 'कर्तरी'वरून आपली 'कात्री' आली. तेव्हा मेंढपाळाच्या हातातली इंग्रजी 'शिअर्स' आणि आपली 'कात्री' एकाच घरातल्या आहेत, जरी र सोडला तर त्यांचा एकही आवाज कानाला सारखा लागत नाही.

योगायोगाचं सर्वांत पक्कं उदाहरण आपल्या तोंडात रोज असतं. बदनाम, बदफैली, बदसूर यांतला 'बद' फारसी आहे. त्याचा अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड'चा अर्थही वाईट. ध्वनी जवळजवळ तोच, अर्थ तोच, आणि दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. मध्ययुगीन फारसीत त्या शब्दाचं रूप 'वद' होतं. पुढे व चा ब झाला आणि तो आपोआप इंग्रजी शब्दासारखा दिसू लागला. भाषेत ध्वनी मोजके आणि शब्द हजारो, त्यामुळे असे अपघात होणारच.

'पाथ'चं काय? तो प ने सुरू होतो आणि जर्मानिक वारशाच्या शब्दात प च्या जागी फ हवा. म्हणजे तो 'पथ'चा सरळ भाऊ असू शकत नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो जर्मानिक बोलींनी फार प्राचीन काळी एखाद्या इराणी भाषेकडून उसना घेतला, पण यावर मतभेद आहेत. 'पन्थाः' हे 'पथ'चंच रूप, आणि त्याचा नियमाने येणारा भाऊ म्हणून सहसा 'फाइंड' दाखवतात: प चा फ, आणि 'पन्थाः'तला न तिथेही कायम. चालत जाणे, मग चालत जाऊन गाठणे, मग सापडणे, असा तो अर्थाचा प्रवास.

'नेव्हिगेशन'मध्ये अर्धं सत्य आहे. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, यांच्यापासून तो शब्द घडला. 'नाविस' हा संस्कृत 'नौ'चा भाऊ, आणि 'आगेरे' हा 'अज्' या धातूचा. पण 'नवगति' नावाचा शब्द त्यामागे नाही. तो नंतर जुळवलेला आहे.

मग प्रश्न येतो: इतके शब्द जुळतात, तर संस्कृत हीच आई का नाही? सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली. पण त्याच व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरला नसेल, असंही ते म्हणाले. हा उगम संस्कृतच्याही मागे आहे याचा पुरावा पुढे मिळाला, आणि तो संस्कृतच्या पोटातूनच मिळाला.

ज्यांनी संस्कृत व्याकरण शिकलं आहे त्यांना 'चकार' (त्याने केलं) आणि 'जगाम' (तो गेला) ही रूपं आठवतील. 'कृ'ला द्वित्व झालं, म्हणजे त्याचं पहिलं व्यंजन दोनदा आलं, की पहिल्या क चा च होतो, 'गम्'च्या पहिल्या ग चा ज होतो. पाणिनीने 'कुहोश्चुः' या सूत्रात हे नोंदवलं आहे. पण असं का व्हावं? 'चकार'मध्ये पहिल्या व्यंजनापुढेही अ-वर्गाचाच स्वर आहे आणि दुसऱ्यापुढेही. मग एकाचा च झाला आणि दुसरा क का राहिला? १८७० च्या दशकात अनेक अभ्यासकांनी, एकमेकांशी न बोलता, याचं उत्तर शोधलं. मूळ भाषेत पहिल्या जागी ए होता आणि दुसऱ्या जागी ओ. ए उच्चारताना जीभ पुढे येते, त्यामुळे आधीचा क तालव्य होऊन च झाला. ओपुढे तसं घडलं नाही. त्यानंतर संस्कृतात ए, ओ आणि अ हे तिन्ही जुने स्वर एक होऊन अ झाले. कारण पुसलं गेलं, परिणाम मागे राहिला. ग्रीक आणि लॅटिनमध्ये ते वेगळे स्वर टिकले: 'अस्ति'ला ग्रीकमध्ये 'एस्ति', 'अष्ट'ला 'ऑक्टो'. संस्कृत आई असती तर एकाच अ मधून कुठे ए करायचा आणि कुठे ओ, हे ग्रीकला कळण्याचा मार्गच नव्हता. संस्कृत ही या कुळातली फार थोर बहीण आहे, तिच्यावाचून हे सगळं उलगडलं नसतं, आणि मला वाटतं हा मान खोट्या मातृत्वापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. मराठीत जसे तद्भव आणि तत्सम शब्द शेजारी-शेजारी नांदतात, 'काम' आणि 'कर्म', तसंच इंग्रजीत आहे. 'फादर' हा घरचा, झिजून आलेला शब्द. 'पॅटर्नल' हा लॅटिनकडून नंतर घेतलेला. म्हणून त्यात प तसाच आहे. 'टूथ' घरचा, 'डेंटल' उसना. 'काऊ' घरचा, आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे आलेला 'बीफ' उसना, पण मुळाशी दोघेही 'गो'चेच नातलग. 'बटर'सुद्धा, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'गाईचं चीज' असा होता.

एकाच मुळाचे शब्द इंग्रजीत किती वाटांनी शिरले, याचं माझं आवडतं उदाहरण 'भ्रातृ' आहे. 'ब्रदर' वारशाने आला. 'फ्रॅटर्नल' लॅटिनमधून आला, तिथे मूळ भ चा फ होतो. ख्रिस्ती संन्याशाला म्हणतात तो 'फ्रायर' फ्रेंचमधून. आणि मित्र या अर्थाचा 'पॅल' आला रोमानी भाषेतून. रोमानी बोलणारे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले आणि फिरत फिरत इंग्लंडपर्यंत पोचले. त्यांच्या भाषेत भावाला 'फ्राल' म्हणतात, इंग्लंडमध्ये त्याचा 'पॅल' झाला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत नोंदला गेला. आपला 'भाऊ' आणि इंग्रजांचा 'पॅल' हे दोघेही भारतीय प्राकृताच्याच वळणाने आलेले.

संस्कृतातून खरोखर इंग्रजीत गेलेले शब्दही आहेत, फक्त ते व्यापाऱ्यांच्या पाठीवरून गेले. 'शर्करा'चा मूळ अर्थ खडे, रवाळ वाळू. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', मग इटालियन आणि फ्रेंचमार्गे 'शुगर'. 'खंड'वरून फारसी 'कंद', मग 'कँडी'. 'नारंग' इंग्रजीपर्यंत पोचेतो न गमावून 'ऑरेंज' झाला. 'पिप्पली' म्हणजे लेंडी पिंपळी, पण युरोपात ते नाव, म्हणजे इंग्रजी 'पेपर', काळ्या मिऱ्याला चिकटलं आणि पुढे अमेरिकेतून आलेल्या मिरचीलाही. अशा प्रत्येक शब्दाचे टप्पे वेगवेगळ्या भाषांच्या जुन्या लेखनात दाखवता येतात. उसना शब्द सिद्ध करायचा तर अशी वाट दाखवावीच लागते.

'न्यूज'चं उत्तर साधं आहे. तो 'न्यू'चं अनेकवचनी रूप, म्हणजे 'नव्या गोष्टी', आणि 'न्यू' हा 'नव'चा भाऊ. आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची रीत मुख्यतः विसाव्या शतकातली: रडार, लेझर, किंवा मुंबईची 'बेस्ट'. त्याआधीच्या कुठल्याही जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली तर ती बहुतेक नंतर रचलेली असते. 'पॉश'बद्दलही अशीच कथा आहे: इंग्लंड ते मुंबई बोटीवर श्रीमंत लोक जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूची सावलीतली खोली घेत, तिकिटावर त्याची आद्याक्षरं छापत. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ही कथा शब्द रूढ झाल्यानंतरची आहे.

मूळ अर्थ हाच खरा अर्थ का? नाही. इंग्रजी 'डिअर' म्हणजे हरीण. जुन्या इंग्रजीत 'डेओर' म्हणजे कुठलाही प्राणी, विशेषतः रानटी; जर्मनमध्ये 'टीअर' आजही प्राणी याच अर्थी चालतो. शिकारीत हरणाला महत्त्व आलं आणि अर्थ आकसला. आपल्याकडे 'मृग' नेमक्या याच वाटेने गेला. ऋग्वेदातल्या विष्णुसूक्तात विष्णूला भयंकर, डोंगरावर राहणाऱ्या 'मृगा'ची उपमा आहे. ते हरीण खचित नव्हे. सिंह तो मृगेंद्र, वानर तो शाखामृग, शिकार ती मृगया, हे शब्द त्या जुन्या अर्थाचे साक्षीदार आहेत. मल्याळममध्ये 'मृगम्' म्हणजे आजही प्राणी. पण आज मराठीत कुणी 'मृग' म्हणून वाघ दाखवला तर ती चूकच. 'सिली' एकेकाळी 'धन्य' होता, मग 'निष्पाप', मग 'बिचारा', आणि आता 'मूर्ख'. 'नाइस'चा प्रवास उलटा, 'अडाणी'कडून 'छान'कडे. शब्दाचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात; मूळ सांगतं ते फक्त तो इथवर कसा आला हे.

तेव्हा मुलांना यादी द्यायची असेल तर 'मदर', 'नेम', 'डोअर', 'काऊ' ठेवा, पण '–वरून आला' हे शब्द काढून 'चा नातलग' असं लिहा. 'हँड', 'कट' आणि चार दिशा गाळा. त्यांच्या जागी 'फुट–पाद', 'टूथ–दंत', 'थ्री–त्रि' घाला आणि नियम मुलांनाच शोधू द्या. आठवीच्या मुलांना तो सापडतो.

राहिला मराठीतून गेलेला शब्द. लूट, ठग, खाट असे शब्द हिंदीत आणि मराठीत सारखेच असल्याने कुणाकडून गेले हे वेगळं काढणं कठीण. जाड सुती कापडाच्या 'डंगरी'चं नाव मुंबईतल्या डोंगरीवरून पडल्याचं मानतात. पण 'मंगूस' मात्र आपला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत दिसणारा हा शब्द मराठी 'मुंगूस'वरून घेतला आहे. त्यामागे तेलुगू 'मुंगिस' असल्याचं सांगतात. त्याच्या शेवटी इंग्रजांनी 'गूस'चं, म्हणजे हंसाच्या त्या खऱ्या नातलगाचं, स्पेलिंग लावून दिलं, केवळ कानाला ओळखीचं वाटलं म्हणून. त्याचा बदकवर्गाशी काही संबंध नसल्याने अनेकवचन 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं. परीक्षेत हे विचारलं तर मुलांना कारणासकट सांगता येईल.